दसऱ्याच्या आत फायली पूर्ण करायच्या आहेत : मंडळाचे आवाहन

बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

दसरा तोंडावर आला. त्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतील. एकदा बाई कोयता घेऊन गेली की थेट उन्हाळ्यात परतते, तोवर तिच्या लेकरांची बालसंगोपन योजनेची फाइल पडून. म्हणून घाईत लिहीत आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

आपल्या मंडळाचे बालसंगोपनाचे काम आपण जाणताच. २०२१ च्या कोरोनात घरटी नोंद घेत फिरले ते आपले गुरुजी, या वयात, सायकलवर. चौकातल्या झेरॉक्सवाल्या भाऊंनी त्या वर्षी एकाही विधवा भगिनीकडून पैसा घेतला नाही. माजी सरपंच काकूंनी जीप दिली, तीही डिझेलसकट. पुण्याला दिलेल्या आपल्या एका लेकीने वडिलांच्या वर्षश्राद्धाचे जेवण रद्द करून ती रक्कम मंडळाला पाठवली. नाव छापायचे नाही, असे तिने बजावले आहे. या सर्वांचे ऋण मंडळ विसरणार नाही.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अनाथ किंवा एकच पालक असलेल्या मुलाला वयाच्या १८ वर्षांपर्यंत महिना २,२५० रुपये मिळतात. पूर्वी ४२५ होते, मग १,१०० झाले. लेकरू संस्थेत न धाडता घरातच वाढावे, हा सरकारचा विचार चांगलाच आहे. वर्षाचे २७,००० होतात. तेवढ्याने टोळीच्या मुकादमाकडची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, कमी घ्यावी लागते. पण पैसा येतो फाइलीमागून. मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, पासबुक, शिवाय घरासमोर मुलांसोबत काढलेला फोटो.

परवा एक आजी दोन नातवंडांना घेऊन आली. कागद साखरेच्या पिशवीत, वर रबर. मृत्यूच्या दाखल्यावर मुलगा ‘बाळू’, शाळेत नातवंडांच्या नावापुढे ‘बाळासाहेब’. अडले तिथेच. बँकेत मशीनवर तिचा अंगठा उमटेना. ऊस तोडून तोडून रेषाच गेल्यात. तीन खेपा झाल्या.

मागच्या बैठकीच्या निरोपाला ग्रुपवर नव्वद अंगठे आले आणि पारावर माणसे सात. त्यातले दोघे चहापुरते. राग नाही, पण मनाला लागले. गणपतीच्या डीजेची वर्गणी अर्ध्या दिवसात जमते, हे लिहायचे नव्हते, लिहून गेले.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता मारुतीच्या पारावर यावे. अर्ज भरायला सुवाच्य अक्षराची माणसे, तहसीलला सोबत जाणारे, आधार-बँकेचे समजणारी कॉलेजची मुले आणि मुलांना जिल्ह्याला बाल कल्याण समितीपुढे न्यायला गाडी हवी आहे. एसटीभाडे, प्रतिज्ञापत्रे, फोटो यांसाठी यथाशक्ती देणगी खजिनदारांकडे द्यावी, पावती मागून घ्यावी. पेन घरून आणावे.

आपला,
सचिव

ता. क. मागच्या बैठकीनंतर मंडळाची सतरंजी ज्यांच्याकडे गेली आहे, त्यांनी ती रविवारी आणावी.