मी रेखाटनच करणार आहे

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

जाहिरात संस्थेतली नोकरी मी सोडली आहे आणि मुंबईची खोलीही रिकामी केली आहे. हे फोनवर सांगितले असते, तर बाबांनी नुसते "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईला पुढचे काही ऐकूच आले नसते. म्हणून सविस्तर लिहिते आहे. आता मी बडोद्याला, फतेहगंज भागात राहते. पाणी भरपूर आहे, खोलीला उत्तरेचा उजेड आहे, डबा मराठी काकूंचा आहे आणि त्यांच्या आमटीत गूळ आईइतकाच पडतो. विम्याचा हप्ता भरला आहे, मुदत ठेवीला हात लावलेला नाही, आणि संध्याकाळी मुलांना चित्रकला शिकवून भाड्यापुरते पैसे सुटतात. तेव्हा काळजीचे कारण नाही.

बाबांचा प्रश्न मला ठाऊक आहे: आता तरी मोठे कॅनव्हास रंगवणार ना? नाही, बाबा. मी रेखाटनच करणार आहे, कागदावर, कोळशाने आणि पेन्सिलीने. तुमच्या हाताखालून एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या आम्हा सगळ्यांना रेखाटन म्हणजे कच्चे काम असेच शिकवले गेले. रेघ फिकट ठेवायची, नंतर ती रंगाखाली गेली पाहिजे. नोकरीतही वेगळे काही नव्हते. दिवसभर स्टोरीबोर्ड काढायचे आणि चित्रीकरण उरकले की ते कागद रद्दीत जायचे. तुमच्या शिकवण्यात खोट होती असे मी म्हणत नाही. वस्तुचित्राला बसवून तुम्ही डोळा तयार केलात, म्हणून तर आज हे धाडस करते आहे. पण रेघ हेच पूर्ण झालेले काम असू शकते, हे मला फार उशिरा दिसले.

दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे विल्यम केंट्रिज कोळशाने मोठे चित्र काढतात, कॅमेऱ्यापाशी जाऊन त्याची एक-दोन छायाचित्रे घेतात, परत येऊन त्याच कागदावर थोडे पुसतात, थोडे बदलतात आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे जातात. 1989 पासून त्यांनी असे चित्रपट केले आहेत. कोळसा पूर्ण पुसला जात नाही, त्यामुळे माणूस चालत पुढे गेला तरी मागे त्याची करडी सावली कागदावर राहते. वर्णभेदाच्या काळातल्या त्या शहरात काय काय पुसले गेले असेल, हे त्या डागांइतके चांगले रंगाने मला सांगितले नसते. आणि तुमच्या वर्गात खाडाखोडीचे गुण कापले जायचे! (रागावू नका, थट्टा करते आहे.)

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या नागावच्या चित्रकार प्रभाकर बरव्यांच्या डायऱ्यांत रेखाटने आणि टिपणे शेजारी शेजारी आहेत. तिथे विचार आधी आणि चित्र मागाहून असा क्रम दिसत नाही. आणि ज्या किहीमच्या किनाऱ्यावर तुम्ही आम्हाला शंख काढायला बसवायचात, तिथेच चित्रकार नसरीन मोहमदी 1990 मध्ये वारल्या. त्या इथे बडोद्यात शिकवत. टी-स्क्वेअर आणि आरेखनाची साधने घेऊन त्यांनी शाईने व पेन्सिलीने ज्या रेषा काढल्या, त्या तुमच्या कर्तव्य भूमितीच्या साधनांनीच काढल्या, पण त्यांत ना वस्तू आहे, ना नक्षी. 2016 मध्ये न्यूयॉर्कचे मेट ब्रॉयर हे कलासंग्रहालय उघडले, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत त्यांचे प्रदर्शन होते. मज्जासंस्थेच्या आजाराने हातावरचा ताबा कमी होत गेला, तरी त्यांची रेष केसाएवढी बारीक आणि सरळ राहिली.

हे वाचून बाबा हात मांडीखाली लपवतील, ते मला इथून दिसते आहे. तुमचा कंप तसा आहे असे मी अजिबात म्हणत नाही. तो वयाचा असेल, दम्याच्या औषधाचाही असेल. पण ते ठरवणारी मी नाही आणि तुम्हीही नाही. पनवेलच्या न्यूरोलॉजिस्टकडची वेळ मी घेते, आई तुम्हाला घेऊन जाईल, आणि "मला काय झालंय" हे वाक्य त्या दिवशी चालणार नाही. आई, तूही तुझा रक्तदाब तिथेच तपासून घे आणि गोळी उपासाच्या दिवशी चुकवू नकोस.

आता माझ्या कामाचे. मी थळच्या घराची स्मरणचित्रे काढते आहे. वाटणीबद्दल काही विचारत नाही, काकांचा विषयही नको. फक्त घर. माजघर काढताना जिना देवघराच्या कोणत्या हाताला होता, तेच हाताला आठवेना. डोळे मिटले की सगळे घर लख्ख दिसते, पण पेन्सिल टेकवली की कळते, तिथे मला नुसता अंधार आठवतो आहे. ती जागा मी कोरी सोडली आहे. रंगवायला बसले असते तर ती जागा एखाद्या तपकिरी छटेने सहज भरून टाकली असती.

म्हणून, बाबा, तुम्ही थळच्या घराचा नकाशा मला काढून पाठवा. हात थरथरला तर थरथरू दे, पट्टी लावायची नाही, खोडरबर घ्यायचा नाही, आणि सुंदर दिसण्यासाठी पुन्हा काढायचा नाही. ड्रॉइंग बोर्डासाठी माळ्यावर चढू नका. शेजारच्या मुलाला सांगा, नाहीतर जेवणाचे टेबल पुरे आहे. आई, तुझे आणि त्यांचे जिन्यावरून एकमत झाले नाही, तर तू तुझा वेगळा काढ. कागद घडी न घालता गुंडाळून नळकांड्यातून पाठवा आणि स्पीड पोस्टच करा.

तुमची,
मनू