दोर

मित्रा,

तुझे सहा फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. रागावू नकोस. बोललो असतो तर रडू फुटलं असतं, आणि शेजारी आई होती. तिची साखर आटोक्यात आहे, माझा गुडघाही ठीक.

वस्तीवरच्या सालगड्याचा धाकटा गेला. सात वर्षांचा. नानांच्या शेततळ्यात. चेंडू पाण्यात गेला म्हणून उतरला. तळं तेच, २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’तलं, ३० बाय ३० मीटरचं. गेल्या उन्हाळ्यात नवा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरला तेव्हा तू सुट्टीवर होतास. आपण दोघं बाप्ये त्यावर घसरगुंडी खेळलो आणि नानांच्या शिव्या खाल्ल्या, आठवतं? कोरड्या कागदावरही पाय ठरत नव्हता.

तीन मीटर खोल, चारी बाजूंनी उतार, पायरी नाही. विहिरीला निदान कपार असते हात घालायला. तू मला केस धरून विहिरीबाहेर ओढलंस आणि पोरांसमोर केस ओढले म्हणून मी महिनाभर अबोला धरला. चूक माझीच होती. आज कबूल करतो.

सगळी वस्ती धावली. कासऱ्याला कासरा बांधला, हाताला हात धरून साखळी केली. सगळ्यात खाली मी होतो. कागदावर शेवाळ धरलंय ना, त्यात बोटांच्या रेघा होत्या. वरून खाली आलेल्या. चार ठिकाणी. डोळे मिटले की त्याच दिसतात.

कागद अंथरला त्याच दिवशी नाना म्हणाले होते, काठाला खुंट ठोकून गाठीचा दोर सोडून ठेव. दोर मीच आणला. गाठी मारायच्या राहिल्या. तो अजून माझ्या गोठ्यात लटकतोय. हे कुणालाच माहीत नाही. नाना विसरलेत.

तीन दिवस कुणी कामाला गेलं नाही. रोजावरच्या घरांना तीन दिवस म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. बाया पाळीपाळीनं पोराच्या आईजवळ निजल्या. नाना कोयता घेऊन कागद फाडायला निघाले, तर पोराच्या बापानंच हात धरला. “पाणी गेलं तर बाग जळंल नाना, मग खायचं काय समद्यांनी?” लोक म्हणतात, केवढा समजूतदार. मला ते ऐकवत नाही. त्याला धड राग धरायचीही सोय नव्हती रे.

आता घराघरातून जमेल तसे पैसे निघालेत. शिवारात अकरा तळी आहेत, प्रत्येकाला चारी बाजूंनी गाठीचे दोर, टोकाला बूच लावलेला रिकामा डबा. सात झाली. रात्री पारावर बसून गाठी मारतो. पोराचा बापही येतो, बोलत नाही. त्याची गाठ सगळ्यात घट्ट बसते. तो समोर असला की गोठ्यातल्या दोराचं माझ्या ओठांवर येतं. सांगू का त्याला? सांगितलं तर मी हलका होईन, त्याचं काय होईल?

पोरीची दहावी कशी चाललीय? घराचा हप्ता सुरू झाला का? वहिनींना नमस्कार.

दिवाळीपर्यंत थांबू नकोस, या रविवारी ये. चार तळी राहिलीत. नानांचं मी मागं ठेवलंय. तिथं मला एकट्याला जाववत नाही.

तुझाच