ती. आई-बाबांना, डेन्व्हरहून

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, मी एकदम व्यवस्थित आहे, जेवते वेळेवर, आणि निवडणुकीमुळे इकडे कसलाही राडा झालेला नाही, तू टीव्हीवर बघतेस ते सगळं आमच्या गल्लीत नसतं गं. इथे मला मत नाही, आणि तिकडचं द्यायचं तर स्वतः बूथवर हजर राहावं लागतं, ते यंदाही जमलं नाही याचं वाईट वाटतंच.

बाबा, तुमचं आणि काकांचं विधानसभेच्या निकालापासून मशीनच्या मोजणीवरून बोलणं बंद आहे असं आई म्हणाली, म्हणून इथली एक गोष्ट नीट सांगते. कोलोरॅडोत मतपत्रिका पोस्टाने घरी येते! लोक जेवणाच्या टेबलावर बसून खुणा करतात, पाकिटावर सही करतात आणि रस्त्याकडेच्या लोखंडी पेटीत टाकतात, मला आधी वाटलं हे कसं काय चालतं, कोणीही कोणाचं मत टाकेल. पण पाकिटावरची सही रेकॉर्डशी ताडून बघतात, जुळत नाहीये असं नक्की करायलाही दोन वेगवेगळ्या पक्षांची माणसं लागतात, आणि मग मतदाराला कळवून दुरुस्तीला निवडणुकीनंतर 8 दिवस देतात. पेटी उघडायलाही तसंच, एक रिपब्लिकन एक डेमोक्रॅट. लायब्ररीजवळच्या पेटीपाशी मी थांबून बघितलं, एकाने सीलचा नंबर मोठ्याने वाचला, दुसरीने तो कागदावर ताडला, मग दोघांनी सह्या केल्या.

निकालानंतर तर चक्क फासे टाकतात, दहा बाजूंचे, सगळ्यांसमोर! त्यातून 20 आकड्यांची संख्या येते, तिच्यावरून मतपत्रिकांचे कुठले कागद तपासायचे ते ठरतं आणि दोन्ही पक्षांची माणसं ते काढून मशीनच्या नोंदीशी जुळवतात. विजयाचा फरक जितका कमी तितके जास्त कागद. 2017 पासून राज्यभर चाललंय.

इथेही सगळं आलबेल नाही हां. मेसा काउंटीच्या तेव्हाच्या रिपब्लिकन क्लार्क, म्हणजे जिल्ह्याच्या निवडणूक अधिकारी, टीना पीटर्सनी बाहेरच्या माणसाला मशीनपर्यंत जाऊ दिलं, त्यांना 2024 च्या ऑक्टोबरात 9 वर्षांची शिक्षा झाली आणि खटला चालवणारा सरकारी वकील रिपब्लिकनच. त्याच महिन्यात डेमोक्रॅटांकडे असलेल्या राज्याच्या निवडणूक खात्याने मशीनचे काही पासवर्ड वेबसाइटवर राहू दिल्याचं उघड झालं. म्हणजे भरवसा आंधळेपणाने कोणावरच ठेवायचा नाही, स्वतःच्या पक्षावर पण नाही, असं मला मनापासून वाटायला लागलंय.

अमेरिकेत बसून शिकवतेय असं म्हणू नका बाबा. उलट तुम्ही आणि काका एकाच बूथवर समोरासमोरच्या पक्षांचे पोलिंग एजंट होतात, सकाळी 50 मतांचा मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी, दोघांनी बघितली, सीलवर दोघांच्या सह्या आहेत, संध्याकाळी 17 सी ची, म्हणजे बूथवर किती मतं पडली त्या फॉर्मची, कॉपी दोघांना मिळाली. मग आधी त्या दोन कॉप्या शेजारी ठेवून मोजणीच्या आकड्याशी जुळवा की! तुम्ही म्हणता व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर मशीनमधून छापून पडणाऱ्या, सगळ्या चिठ्ठ्या मोजा, काका म्हणतात गरज नाही. आपल्याकडे चिठ्ठ्या मोजायला लॉटरीने मतदारसंघातली 5 मशीन निघतात, फरक 500 चा असो की 50 हजारांचा. जिथे फरक थोडा तिथे जास्त मोजा, एवढं तर दोघांनाही पटेल ना? काकांचा उमेदवार पडला असता तर त्यांनीही हेच मागितलं असतं. सोलापूरकडच्या मारकडवाडीत गावकरी मशीनची खात्री करायला स्वतःच कागदावर मतदान घेणार होते, ते थांबवलं, हे वाचून खरंच जीव तुटला, लोकांना नुसती खात्री करून हवी होती.

बरं, पैसे काल पाठवलेत, त्यातले आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे वेगळे ठेवा, मोटारीला खर्च करू नका, मोटारीचे पुढच्या महिन्यात पाठवते. काकांच्या प्राजूच्या लग्नाला मला येता येणार नाही, व्हिसाच्या स्टॅम्पिंगचं अडकलंय, आत्ता बाहेर पडले तर परत येता येईल की नाही सांगता येत नाही, रागावू नका. तिच्या दागिन्यासाठी थोडे जास्त टाकलेत. कोल्हापूरच्या स्थळाचं बघितलं मी, फोटो चांगला आहे, नाही म्हणत नाहीये, पण हो पण लगेच म्हणवत नाही, जानेवारीत बोलू. आणि बाबा, प्राजूच्या साखरपुड्याला तुम्ही जायचंच, माझ्या वाटचं पण तुम्हीच उभं राहायचंय, काका वाट बघत असणार.

तुमची,
मनू