डॉक्टर, तुमचा नोंदणी क्रमांक?

महोदय,
कर्वे रस्त्यावर सध्या एक फ्लेक्स झळकतो आहे : ‘आमच्या औषधाने मधुमेह मुळासकट बरा’. डॉक्टरांचा हसरा फोटो, नावापुढे पदव्यांची आगगाडी, खाली मोबाइल नंबर. वैद्यकीय परिषदेकडच्या नोंदणी क्रमांकाचा पत्ता नाही. मधुमेह बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे, हे फ्लेक्स छापणाऱ्याला ठाऊक नसेल, डॉक्टरांनाही नसावे?

ॲलोपॅथी डॉक्टरांसाठी २००२ची आचारसंहिता आहे. दवाखान्यात, प्रिस्क्रिप्शनवर, सर्टिफिकेटवर आणि पैशाच्या पावतीवरही नोंदणी क्रमांक हवा; नावापुढे मान्यताप्राप्त पदव्याच हव्यात. अवाढव्य पाटी नको, औषधाच्या दुकानावर तर नकोच. (आमच्या गल्लीत एकाच केमिस्टच्या शटरवर तीन डॉक्टर नांदतात.)

गेल्या आठवड्यात आईच्या गुडघ्यासाठी एका दवाखान्यात गेलो. केसपेपर उलटसुलट करून पाहिला, क्रमांक सापडेना. काउंटरवर विचारले, तर उलट मलाच प्रश्न : “तुम्ही इन्शुरन्सवाले का?”

महापालिकेने दवाखान्याच्या फ्लेक्सला परवानगी देताना निदान हा क्रमांक तरी मागावा. विनापरवाना फ्लेक्सचे काय, ते पुणेकरांना विचारू नये.

– एक वाचक, कोथरूड, पुणे