पट्टा वेगळा, रोपण वेगळं

महोदय,

विचारांवर टीव्ही चालवण्याबद्दलचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. न्यूरालिंक कंपनीचं मेंदूत बसवायचं रोपण आणि मेंदूचे संकेत कवटीबाहेरून टिपणारा बाजारातला डोक्याचा पट्टा लेखकाने एकाच परिच्छेदात कालवले आहेत. जानेवारी २०२४मध्ये न्यूरालिंकने नोलंड आर्बॉ या हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाच्या मेंदूत ६४ तंतूंवरचे १,०२४ इलेक्ट्रोड (विद्युत संकेत टिपणारे बिंदू) बसवले, आणि काही आठवड्यांतच त्यातले बरेच तंतू जागचे सरकले. कवटी उघडूनही ही अडचण येते, हे लेखात कुठेच नाही.

पट्ट्याला कवटीबाहेरून मिळतात जेमतेम १० ते १०० मायक्रोव्होल्ट. पापणी लवली तरी त्याहून मोठा झटका नोंदला जातो. दात आवळले की जबड्याचे स्नायू सगळा आलेख भरून टाकतात. इलेक्ट्रोडचा टाळूशी संपर्क कच्चा असेल तर घरच्या वायरिंगची ५० हर्ट्‌झची गुणगुणही आत शिरते.

आणि संपर्क कच्चाच असतो. लेखातलं छायाचित्र पुन्हा पाहा: पट्टा मुलीच्या दाट केसांवरून गेला आहे. ईईजीला (मेंदूच्या लहरींच्या तपासणीला) जाताना केस शाम्पूने धुऊन या, तेल लावू नका, असं सांगतात ते उगाच नाही. तंत्रज्ञ केस बाजूला सारतो, टाळू घासतो, पेस्ट भरतो आणि इम्पिडन्स, म्हणजे टाळू आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा, ५ किलोओहमच्या खाली आणतो. कोरड्या इलेक्ट्रोडला हे साधत नाही. तेलकट केसांवर तर नाहीच.

'मनात आणा, टाइप होईल' हे वाक्यही दिशाभूल करणारं आहे. मेंदूच्या लहरींवरून टाइप करण्याच्या पी-३०० पद्धतीत पडद्यावरच्या अक्षरांच्या ६ गुणिले ६ चौकटीतल्या ओळी आणि स्तंभ आळीपाळीने चमकतात. हवं ते अक्षर चमकलं की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत लहर उमटते. ती इतकी क्षीण असते, की एका अक्षरासाठी अनेक फेऱ्यांची सरासरी काढावी लागते. १९८८च्या मूळ प्रयोगात मिनिटाला जेमतेम दोन अक्षरं झाली होती. पुढे वेग वाढला, पण मराठीच्या मात्रा नि जोडाक्षरं त्या ३६ घरांत बसवून दाखवा.

जाता जाता, लेखासोबतच्या चौकटीत मेंदूच्या अल्फा लहरींना 'एकाग्रतेचा आकडा' म्हटलं आहे. ८ ते १३ हर्ट्‌झची अल्फा नुसते डोळे मिटले तरी वाढते. या आकड्याच्या भरवशावर पालक दहावीच्या मुलांसाठी पट्टे विकत घेतील. अर्धांगाच्या रुग्णांचे नातेवाईकही तुमचा अंक वाचतात; रोपणाची आशा ते पट्ट्यावर लावतील. पट्टा वेगळा आणि रोपण वेगळं, हा खुलासा येत्या पुरवणीत त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावा.

आपला,
एक वाचक, ठाणे