शनिवारच्या सराव पाठांबाबत सूचना

बी.एड. द्वितीय वर्षाच्या सर्व छात्राध्यापकांना नमस्कार.

तंत्रज्ञानाधारित सराव पाठ येत्या शनिवारी सकाळी 9 वाजता नौपाड्यातल्या आपल्या नेहमीच्या वर्गात होतील. पाठ टाचण (पाठाचं लेखी नियोजन) गुरुवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाका. उशिरा आलेलं तपासलं जाणार नाही.

मागच्या खेपेला बहुतेकांनी पीपीटीवर पुस्तकातलाच मजकूर चिकटवला आणि तोच वाचून दाखवला. हे तंत्रज्ञान नव्हे, फळ्याला लावलेली वीज आहे! टाचणात ‘साधन’ या रकान्यात नुसतं ‘प्रोजेक्टर’ लिहू नका. मुलं त्यावर काय करणार ते लिहा. उदाहरणार्थ, जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू एखाद्या मुलाला ओढायला द्या. तिन्ही कोन बदलतात, बेरीज मात्र 180 अंशच राहते. का, ते वर्गाला विचारा आणि थोडं थांबा. उत्तर लगेच सांगायची घाई आपल्यालाच असते.

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण व्यासपीठावर उघडतात. 2017 पासून ते सुरू आहे, तरी आपल्यापैकी अनेकांनी कोड एकदाही स्कॅन केलेला नाही. व्हिडिओ घरीच डाउनलोड करून, पूर्ण पाहून या. वर्गात रेंजचा भरवसा नाही.

लाइट गेली तर पाठ थांबणार नाही, खडू-फळ्यावरची पर्यायी तयारी हवीच. एचडीएमआय केबल वर्गात आहे. टाइप-सी लॅपटॉपवाल्यांनी कन्व्हर्टर आणावा. निरीक्षण वहीशिवाय बसू देणार नाही. दिवा-मुंब्र्याकडून येणाऱ्यांना पाठाचा क्रमांक उशिराचा हवा असेल तर आजच कळवा.

– पाठ समन्वयक