दोन्ही बाजूंना चाचेच : सदोष बोर्ड गेमबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सीलबंद खोक्यात नौदल संघाचा ट्रे नसणे, जहाजांची मापे चुकीची असणे आणि तक्रारीची दखल न घेणे याबाबत.

महोदय / महोदया,

दिवाळीच्या आधी मी आपल्या संकेतस्थळावरून आपला समुद्री चाच्यांचा बोर्ड गेम मागवला. त्यातही साधी आवृत्ती नव्हे, ‘खास भारतीय आवृत्ती’. तिला साधीपेक्षा दीड हजार रुपये जास्त पडतात, एकूण ७,४९९. खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे : दोन संघ, आठ खेळाडू, चार जहाजे, ४८ मिनिएचर (म्हणजे माणसांच्या छोट्या मूर्ती). शेजारी आणि ऑफिसातली मंडळी मिळून आम्ही आठ जण शनिवारी रात्री खेळायला जमतो. आठही जणांना एकाच डावात घेणारे, कोणालाही ‘पुढच्या डावाला ये’ म्हणून बाहेर न बसवणारे मोठे खेळ फार थोडे. तेवढ्यासाठी सगळ्यांनी वर्गणी काढून हा खेळ घेतला.

खोके उघडल्यावर आत चाच्यांचे दोन ट्रे निघाले. नौदलाचा एकही नाही. दोन्ही ट्रेच्या मागे ‘अ’ हेच अक्षर आहे. ‘ब’ ट्रे आपल्या छापील यादीत आहे, खोक्यात नाही. मोजायला गेले तर ४८ नग बरोबर भरतात, पण त्यातले निम्मे उरलेल्या निम्म्यांची जुळी भावंडे आहेत. पट्टी बांधलेल्या डोळ्याचा तोच कप्तान, लाकडी पायाचा तोच आचारी, दातांत सुरा धरलेला तोच पोरगा. नौदल संघाचे पत्ते आहेत, निशाणे आहेत, निळे फासे आहेत. माणसे तेवढी नाहीत.

आता आपल्या ग्राहक सेवेचे उत्तर पाहा. ‘दुसऱ्या संघासाठी तात्पुरत्या कॅरमच्या सोंगट्या वापराव्यात,’ असे मला लेखी कळवण्यात आले. हे लिहिणाऱ्या व्यक्तीने खेळ खेळून पाहणे दूरच, नियमपुस्तिकाही उघडलेली नसावी. नेम लागतो की नाही हे मिनिएचरच्या डोळ्यांपासून लक्ष्यापर्यंत दोरा धरून ठरवायचे, मध्ये डोलकाठी किंवा शीड आले तर गोळी वाया, असा आपलाच नियम आहे. कॅरमच्या सोंगटीला डोळे कुठून आणू? शिवाय प्रत्येकाच्या हातात जे हत्यार कोरले आहे त्यावर त्याचा पल्ला ठरतो. चाच्यांच्या ट्रेमध्ये बहुतेकांच्या हातात आखूड तलवारी आणि कुऱ्हाडी, बंदुकवाले मोजके. नौदलाच्या ट्रेमध्ये नेमके उलटे. एका संघाने शिडे भरून अंगावर जायचे, दुसऱ्याने अंतर राखून बार काढायचे, ही खेळाची सगळी खुमारी. दोन्ही बाजूंना चाचेच असले की दोघेही एकमेकांच्या अंगावर जातात आणि दोन-तीन फेऱ्यांत डाव आटोपतो. सांघिक खेळात डावपेच नसतील तर आठ जणांनी आळीपाळीने फासे टाकत बसायचे, एवढेच उरते.

आपल्या पुस्तिकेतला सर्वांत चांगला प्रसंग ओक्राकोकचा आहे. २२ नोव्हेंबर १७१८ रोजी उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर ब्रिटिश नौदलाच्या लेफ्टनंट रॉबर्ट मेनार्डने ब्लॅकबिअर्ड या कुप्रसिद्ध चाच्याला गाठले, ती लढाई. मेनार्डच्या दोन्ही छोट्या नौकांवर तोफा नव्हत्या. त्याने आपली बरीच माणसे डेकखाली लपवली, वर मोजकीच ठेवली. जहाज रिकामे झाले असे समजून ब्लॅकबिअर्डची टोळी वर चढली आणि खालून माणसे बाहेर पडली. आपण यासाठी जहाजाच्या डेकचा एक भाग झाकणासारखा उचलता येईल असा केला आहे, आणि ती कल्पना खरोखर झकास आहे, हे तक्रारीच्या पत्रातही कबूल करायला हवे. नौदलाच्या चौघांनी दुसऱ्या खोलीत जाऊन खाली कोण लपवायचे ते ठरवायचे, पुठ्ठ्याच्या आडोशामागे भरायचे, झाकण लावायचे. समोरच्या चौघांनी तोवर फक्त अंदाज बांधायचे. आमच्याकडे झाकण आहे. खाली लपवायला मेनार्डची माणसे नाहीत.

चाचे परस्परांवरच हल्ला करतात असे समजून आम्ही तसाही एक डाव मांडून पाहिला. तेव्हा दुसरा दोष लक्षात आला, आणि नौदलाचा ट्रे आला तरी तो जाणार नाही. डेकवर छापलेली घरे २० मिलिमीटरची आहेत. मिनिएचरची गोल बैठक २५ मिलिमीटरची. पट्टी लावून मोजले आहे, फोटो सोबत आहे. डेकची रुंदी तीन घरांची, म्हणजे ६० मिलिमीटर. तेवढ्यात २५ च्या दोनच बैठका शेजारी-शेजारी बसतात, तिसरी कठड्यावरून खाली पडते. आणि पुस्तिका सांगते की चढाई करताना तिघे एका ओळीत आले तर एक फासा जास्त मिळतो. तो जादा फासा या डेकवर आजवर कोणाला मिळाला असेल, असे वाटत नाही. आमच्यातल्या एकाने कानशीने बैठका घासून बारीक करायचा प्रस्ताव मांडला. साडेसात हजारांचा माल घासून कामाचा करायचा असेल तर मग कारखान्यात काय केले?

तलवारी वाकड्या निघाल्या, त्याबद्दल मात्र मी तक्रार करत नाही. मऊ प्लॅस्टिकचे हे नेहमीचे दुखणे आहे. गरम पाण्यात बुडवायचे, बोटाने सरळ करायचे, लगेच गार पाण्यात टाकायचे, की काम होते. डोलकाठ्यांची खुंटी भोकात बसत नव्हती, तीही आम्ही काचकागदाने घासून बसवली. हे सांगायचे कारण एवढेच, की किरकोळ गोष्टींवरून आरडाओरडा करणारी गिऱ्हाइके आम्ही नाही.

नियमपुस्तिकेबद्दल मात्र बोलावे लागेल. पान १४ वर लिहिले आहे की लूट संघाच्या सामायिक पेटीत जाते आणि जास्त लूट असलेला संघ जिंकतो. पान २२ वर लिहिले आहे की ‘शेवटी सर्वाधिक लूट असलेला कप्तान विजयी’. मग भिडू भिडूसाठी खेळतो की स्वतःसाठी? पहिले मानले तर जखमी जोडीदाराला सोडवायला जहाज वळवणे शहाणपणाचे ठरते. दुसरे मानले तर त्याला बुडू देणे फायद्याचे. आठ माणसे, दोन वाचने, आणि रात्री अकरा वाजता शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारेपर्यंत चाललेला वाद. रडीचा डाव कोण खेळतेय यावर एकमत होईना, कारण पुस्तिका दोघांच्याही बाजूने साक्ष देत होती.

आपण ज्यांच्यावर खेळ बेतला त्यांनी हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वी सोडवला होता. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या वेल्श चाच्याच्या जहाजावर लेखी करारनामा होता : कप्तान आणि क्वार्टरमास्टर (कप्तानाखालचा प्रमुख) यांना लुटीचे दोन वाटे, मुख्य गोलंदाज आणि बोसन (डेकवरचा मुकादम) यांना दीड, इतर अधिकाऱ्यांना सव्वा, बाकी प्रत्येकाला एक. त्याच करारात पैसे लावून पत्ते किंवा फासे खेळायला बंदी होती, बहुधा आमच्यासारखे वाद टाळण्यासाठीच. दरोडेखोरांना जे एका कलमात जमले ते आपल्याला एका रंगीत, गुळगुळीत कागदाच्या पुस्तिकेत जमू नये?

आता ज्या ‘भारतीय’पणासाठी दीड हजार जास्त घेतलेत त्याविषयी. त्यात दोन प्रसंग दिले आहेत. पहिला १६९५ चा, हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेला परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ जहाज लुटले तो. तो ठीक आहे. एव्हरीच्या जोडीला आणखी चाच्यांची जहाजे होती, त्यामुळे सांघिक खेळाला शोभतोही. दुसरा प्रसंग १७२१ च्या, अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्याच्या लढाईचा, आणि तिथे आपण कान्होजी आंग्र्यांच्या पत्त्यावर ‘चाचा’ असे छापून त्यांना चाच्यांच्या संघात टाकले आहे.

कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, होते. त्यांच्या मुलखातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना ते दस्तक (प्रवासाचा परवाना) देत, आणि दस्तक नसलेले जहाज पकडत. पोर्तुगीज हेच काम ‘कार्ताझ’ या नावाने दोन शतके करत आले होते. त्यांना आपण नौदलाच्या संघात बसवले आहे. इंग्रजांच्या कागदपत्रांत आंग्रे चाचे ठरतात, कारण ते कागद इंग्रजांचे आहेत. ज्या माणसाचे नाव आज भारतीय नौदलाच्या मुंबईतल्या तळाला आहे, ‘आयएनएस आंग्रे’, त्याचा पत्ता छापताना भारतीय आवृत्तीने एवढे तरी पाहायला हवे होते. मी अस्मितेचा मुद्दा करून मोर्चा घेऊन येणार नाही. पण खेळ म्हणूनही हे फसलेले आहे. डिसेंबर १७२१ मध्ये कुलाब्यावर आलेले इंग्रज आणि पोर्तुगीज हाच खरा दोन भिडूंचा संघ : एक समुद्रावर तरबेज, दुसऱ्याचा भर जमिनीवर, आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास नाही. हल्ला फसला, मराठ्यांची कुमक पोचली आणि लवकरच पोर्तुगिजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून स्वतंत्र तह केला. मध्येच जोडीदाराला सोडून तह करता येण्याचा नियम कुठल्याही सांघिक खेळात हवाहवासा वाटेल. आपण काय केलेत? कॅरिबियन प्रसंगाचाच नकाशा उलटा करून त्यावर किल्ल्याचे चित्र चिकटवलेत. माडाऐवजी तीच कॅरिबियन पाम झाडे, तीही तशीच राहिली.

या सगळ्याहून जास्त संताप आला तो आपल्या शेवटच्या उत्तराने. ‘अनबॉक्सिंग व्हिडिओ नसल्याने तक्रार ग्राह्य धरता येत नाही.’ खोके कारखान्याच्या पारदर्शक वेष्टनात सीलबंद होते. आतले ट्रे पुन्हा वेगळ्या पाकिटांत बंद होते. एकाच अक्षराचे दोन ट्रे ग्राहकाच्या घरी तयार होत नाहीत; ते भरणाऱ्या पट्ट्यावरच होतात. चाच्यांचा एक जादा ट्रे मी कुठून पैदा केला असेल, असे आपले म्हणणे आहे? त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही व्हिडिओची अट ऑर्डर देताना कुठेही दिसली नाही, बिलावरही नाही. तक्रार केल्यावर ती उगवली.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत दिली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आपल्या बिलावर मुदत नाही, आणि माझी पहिली तक्रार खोके उघडल्याच्या रात्रीच गेलेली आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. पोच म्हणून मला आजवर मिळाली ती यंत्राने धाडलेली ‘आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे’ एवढीच ओळ. म्हणून हे पत्र थेट आपल्या नावे, नोंदणीकृत टपालाने आणि ईमेलनेही पाठवत आहे.

माझे मागणे असे. नौदलाचा ‘ब’ ट्रे आपल्या खर्चाने पाठवावा, आणि २५ मिलिमीटरच्या घरांचे दुरुस्त डेक द्यावेत. चारही जहाजांसाठी छापील पुठ्ठ्याचे डेक दिले तरी चालतील, ते वरून चिकटवता येतील. लूट संघाची की कप्तानाची, याचा लेखी खुलासा करावा आणि तो संकेतस्थळावरही टाकावा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या घरी भिंतीवर थाप पडणार नाही. कुलाब्याच्या प्रसंगातला पत्ता पुढच्या छपाईत दुरुस्त करावा. यातला ट्रे आणि डेक हे पंधरा दिवसांत मिळणार नसतील तर पूर्ण ७,४९९ रुपये परत करून खेळ घेऊन जावा. मधला मार्ग म्हणून पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन देऊ केलेत तर ते नको. पहिलीच खरेदी अजून पुरी झालेली नाही.

तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून माझ्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे जाईन. आता राहत्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही लागत नाही, त्यामुळे मला अडण्यासारखे काही नाही. आमच्या आठ जणांत एक वकील आहेत. डावात त्या नौदलाच्या बाजूने खेळणार होत्या, आणि सध्या त्यांना खेळायला मिळत नसल्यामुळे मोकळ्याच आहेत.

जादा आलेला ‘अ’ ट्रे पाकिटासह जपून ठेवला आहे. ‘ब’ ट्रे घेऊन येणाऱ्या माणसाबरोबरच तो परत देईन. त्यासाठी वेगळा खर्च करण्याची गरज नाही. येण्याआधी फोन करावा आणि संध्याकाळी सातनंतर यावे.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर आहे)

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही ट्रेचे मागील बाजूचे फोटो, डेक व बैठकीचे पट्टी लावून काढलेले फोटो, कॅरमच्या सोंगट्यांचा सल्ला देणाऱ्या ईमेलची छापील प्रत.